राळ्याची मात्रा

धाराशिव, ३ मार्च १९६३

चि. सौ. वनमाला हिस,

आशीर्वाद. मी नात्यानं मोठी, तेव्हा आशीर्वादानंच सुरुवात करणं भाग आहे. घ्यायचा की नाही, ते तुझं तू बघ.

तुम्ही दोघं ईटला गेल्याला महिना झाला. अंबादासभावजींनी ह्यांना एक कार्ड टाकलं होतं. शाळा बरी आहे, घर दोन खणांचं आहे, पाणी लांबून आणावं लागतं, वगैरे. तुझ्याबद्दल चकार शब्द नाही. धाकट्या जावेनं मोठीला आधी लिहायचं असतं. पण या घरात तुझ्यासाठी सगळ्याच रीती थोड्या सैल होत्या, म्हणून मीच लिहिते.

काम आहे म्हणून लिहिते, उगीच दुसरं काही समजू नकोस. पलीकडच्या गल्लीतले धोंडप्पा हवालदार परवा तात्यांकडे आले होते. त्यांचा मुलगा रजेवर आलाय. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याला परत बर्फात, चीनच्या सरहद्दीवर जायचंय. धोंडप्पा ओसरीत बसून म्हणाले, "तात्या, म्या बर्मात हुतो तवा चार-चार दिस पोटात काय नसायचं. तुमच्या धाकल्या सूनबाईच्या हातच्या गोळ्या म्या पौषात खाल्ल्या. दोन गोळ्यांवर दिवसभर मोट हाकली, भूक म्हनून न्हाय लागली. पोराच्या पिशवीत तसल्या शंभर टाका."

तात्या म्हणाले, "तिचं नाव काढू नका. मोठी करून देईल."

मोठी करून देईल! चौदा वर्षं या घरात उठते-बसते आहे, सासूबाईंचं सगळं दुखणं मी काढलं, पण मला आपणहून काही करायला सांगितलं ते आत्ता, आणि तेही तू नाहीस म्हणून.

हे सगळं सुरू कसं झालं, तुला आठवत नसेल. ज्याचं कौतुक होतं त्याला ते आठवत नाही. बाजूला उभं राहून बघणाऱ्याला मात्र बरोबर आठवतं. मार्गशीर्षात तात्यांनी ग्रंथालयातून ते जुनं मासिक आणलं. लढाईच्या बातम्या वाचून त्यांना झोप लागत नव्हती. पेन्शनीत निघालेला शाळामास्तर करणार काय? त्या मासिकात जपानातल्या जुन्या हेरांवर लेख होता. निंजा म्हणतात म्हणे त्यांना. डोंगरात, बर्फात लपून राहायचे, चूल पेटवायची सोय नाही, म्हणून जवळ गोळ्या ठेवायचे. तांदूळ, बारीक धान्य, कसलंसं कंदमूळ, ज्येष्ठमध, मध, सगळं तांदळाच्या दारूत मुरवलेलं. दोन-चार गोळ्यांवर दिवस निघायचा. तहानेची गोळी वेगळीच, आंबट फळाची आणि खडीसाखरेची. तात्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हे वाचत होते. "वनमाला, ऐक, वनमाला, हे ऐक." मी तिथंच, दोन हातांवर भाकरी थापत होते. माझं नाव त्या दुपारी एकदाही आलं नाही.

मग आपण दोघींनी आपापल्या अंदाजानं त्या गोळ्या करायला घेतल्या. तात्या त्यांना 'मात्रा' म्हणायला लागले, वैद्य देतात तशी. तिकडच्या बारीक धान्याऐवजी आपले राळे आणि ज्वारी, कंदाऐवजी सुरण, दारूऐवजी आंबील. तहानेसाठी आवळकाठी. तात्या माझ्या गोळ्या घेऊन पायी तुळजापूरला निघाले, तर अर्ध्या वाटेतच खिशात भुगा झाला. आठ दिवसांनी तुझ्या घेऊन निघाले. देवीच्या पायऱ्या उतरले, चढले, संध्याकाळच्या गाडीनं परत आले आणि अंगणातूनच ओरडले, "वनमालाची मात्रा लागू पडली!" गल्लीत चार घरं ऐकत होती.

असो. तेव्हा प्रमाण कळव. राळे किती, ज्वारी किती, भाजायचं कसं. आधीचा कागद सापडत नाही.

तुझी मोठी जाऊ,
चंद्रप्रभा


धाराशिव, २२ मार्च १९६३

चि. सौ. वनमाला हिस, आशीर्वाद.

कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली नाव नाही. "राळे आधी एक दिवस आंबिलीत भिजवावेत. माळवदावर वाळवून मग मंद भाजावेत. सुरण शेवटी. जवानाच्या पोटात जायचं आहे म्हणून लिहिते." संपलं. पोस्टमन सुद्धा ते वाचून माझ्याकडे बघत होता.

आणि 'राळे' या शब्दावरची मात्रा तू दोनदा गिरवली आहेस. इतकी, की कागदाला भोक पडायचं राहिलं. शाई फुटली असेल. ईटला बरी शाई मिळत नसेल.

तुझं कार्ड येण्याआधी मी माझ्या अंदाजानं दोन घाणे घातले. पहिला चिकट झाला. दुसरा इतका कडक, की ह्यांनी एक गोळी उंबऱ्यावर ठेवून बत्त्यानं फोडली आणि हसले. ह्यांना हसायला येतं. तुझ्या राळ्यांना ते कधी हसले नाहीत, पहिल्या दिवशी तू करपवले होतेस तेव्हाही नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, मनात.

तुझं कार्ड आलं तेव्हा तात्या नेमके ग्रंथालयात गेले होते. मी ते त्यांना दाखवलं नाही. नाव काढायचं नाही असं तेच म्हणाले ना? पण खरं सांगू, एरवी ते रोज पोस्टमनच्या वेळेला ओसरीत येऊन बसतात. पेपर हातात, नजर रस्त्यावर. पोस्टमन पुढं गेला की पेपरची घडी घालून आत येतात. मी विचारलं, "कुणाचं पत्र यायचंय का, तात्या?" म्हणाले, "कुणाचं येणार?" तू इथं नाहीस तरी जागा तुझीच. मी समोर ताट वाढून उभी असते, आणि ते भाकरी मोडता मोडता थांबतात. भाकरी तुझ्यासारखी फुगत नाही, हे बोलत नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

राळे आंबिलीत घातले आहेत. बघू.

चंद्रप्रभा


धाराशिव, ९ एप्रिल १९६३

चि. सौ. वनमाला हिस,

झाल्या! गोळ्या झाल्या! शंभर नाही, एकशे दहा. लिंबाएवढ्या नाहीत, जर्दाळूच्या बीएवढ्या, लेखात म्हटल्याप्रमाणे. फुटत नाहीत, चिकटत नाहीत, दाढेत धरली की हळूहळू विरते. तात्यांनी चार घेतल्या आणि भर उन्हात वडगावापर्यंत जाऊन आले. आल्यावर पाणी मागितलं, जेवण नाही. धोंडप्पा बसलेलेच होते. तात्या माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हवालदार, ही सून नाही. ही माझी लेक आहे."

धोंडप्पा म्हणाले, "व्हय की. मोठ्या बाईंनी आब राखला घराचा."

ऐकलंस? लेक. तुला चार वर्षांत मिळालेला शब्द मला चौदा वर्षांनी मिळाला. तुला कळावं म्हणूनच हे पत्र लिहायला बसले आहे. दुसरं कारण नाही. तुला वाईट वाटावं अशीच माझी इच्छा आहे, खोटं कशाला सांगू.

पण आत येऊन मी चुलीपाशी बसले आणि वाढलेलं ताट बाजूला सारलं. गोळ्या माझ्या हातच्या आणि युक्ती तुझी. तात्यांनी ज्याला लेक म्हटलं, ते आंबिलीत भिजवलेले राळे होते.

सव्वीस जानेवारीचं एक बोलायचं राहिलंय. तू कधी काढलं नाहीस, मीही नाही. बारा स्वयंसेवक गोळ्या खाऊन तुळजापूरला चालत जाणार, शाळेच्या मैदानावर सभा, मोठे साहेब येणार. एवढ्या गोळ्या एकट्या तुझ्यानं होईनात, म्हणून गल्लीतल्या मंडळानं हाती घेतल्या. तू कृती सांगितलीस आणि मी यादी लिहिली. माझं अक्षर बरं आहे ना. या घरात माझी एवढी एकच गोष्ट बरी म्हटली गेली, तीही तात्यांनी एकदाच, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. यादीवर मथळा मीच घातला, 'सौ. वनमाला यांच्या कृतीप्रमाणे'. ती यादी मंडळाच्या प्रेमाबाईंकडे गेली. त्या सोलापूरच्या, किराणा दुकानदाराच्या घरातल्या, राळे त्यांनी कधी बघितले नव्हते. यादीत त्यांना 'राळ' दिसली. दुकानात राळ होती. शोभेच्या दारूत घालतात, उदाबरोबर जाळतात, तीच. जपानी औषध आहे, असेल त्यात काहीतरी, म्हणून त्यांनी अर्धा शेर कुटून घातली.

पुढचं तुला माहीत आहे. साहेबांच्या दाताला गोळी चिकटली ती निघेना. बाराजणांपैकी सात वाटेत झाडाखाली ओकत बसले. त्यांना बैलगाडीतून परत आणलं. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "मी राळे सांगितले होते." प्रेमाबाईंनी कागद काढला. तात्यांनी मला विचारलं, "मोठे, तू काय ऐकलंस?" आणि मी म्हटलं, "तिनं सांगितलं तसंच लिहिलं."

पेनचं निब खराब होतं, वनमाला. तुला माहीत आहे ते पेन कसं अडतं.

चंद्रप्रभा


धाराशिव, २१ एप्रिल १९६३

वनमाला,

बारा दिवसांत तुझं कार्ड नाही. बरं केलंस. निबाचं वाचून तू काय लिहिणार होतीस?

निब चांगलं आहे. आत्ता हे त्याच पेननं लिहिते आहे.

झालं ते असं. तू भाकरी उलटवता उलटवता सांगत होतीस, मी गुडघ्यावर कागद धरून लिहीत होते. घाईत 'राळे'वरची मात्रा राहिली. यात माझं पाप नाही. दुपारी प्रेमाबाईंकडे द्यायच्या आधी मी यादी पुन्हा वाचली. तेव्हा दिसलं. 'राळ'. मला हसूच आलं. पेन उघडलं, मात्रा द्यायला हात उचलला. तेवढ्यात ओसरीतून तात्यांचा आवाज आला. धोंडप्पांना सांगत होते, "ही सून नाही हो. लेक आहे माझी." तुझ्याबद्दल.

मी पेनचं टोपण लावलं.

एवढंच केलं. काही केलं नाही, असंही म्हणता येईल. मनात म्हटलं, राळ कोण खातं, दुकानात कुणी तरी विचारीलच, तुझी थोडी फजिती होईल आणि संपेल. माणसं ओकतील, तुम्हांला घर सोडावं लागेल, असं मनात आणलं नव्हतं. पण मैदानावर तात्यांनी विचारलं तेव्हा तर मला सगळं माहीत होतं. तेव्हा जे बोलले ते घाईत नाही बोलले. त्यांनी तुला म्हटलं, "माझ्या लेकीनं असं नाव घालवलं नसतं," आणि तू पदर खांद्यावर ओढून सरळ घरी चालत गेलीस. मी तुझ्या मागे होते. मला आनंद झाला होता. फार नाही, पण झाला होता. घराच्या दारापर्यंत पुरला.

आता ऐक, काल काय केलं ते. मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले. सगळ्या बायका होत्या. बसल्या जागी उभी राहिले आणि म्हटलं, "वनमालाची चूक नव्हती. तिनं राळे सांगितले. मात्रा मी दिली नाही. मला दिसलं होतं, तरी दिली नाही."

मग प्रेमाबाई उठल्या आणि माझे दोन्ही हात धरले. "बघा गं," म्हणाल्या, "ह्याला म्हनतात मोठी जाऊ! धाकटीची चूक आपल्या अंगावर घेती. लेकरावानी जपती!" एकीनं डोळे पुसले. दुसरी म्हणाली, "आन् त्या धाकटीनं एक पत्र तरी टाकलं का हिला?" मी म्हणत होते, नाही हो, खरंच मीच, तर त्या अजूनच हळहळल्या. माझी ओटी भरली. खणासकट.

जे कौतुक मला चौदा वर्षं हवं होतं, ते काल पोतंभर मिळालं. आणि तुझी बदनामी होती त्याहून वाढली. आधी तू फक्त वेंधळी होतीस, आता कृतघ्नही झालीस. खण इथं समोर पडलाय. शिवणार नाही.

चंद्रप्रभा


धाराशिव, १ मे १९६३

प्रिय वनमाला,

आज तात्यांना सांगितलं.

शाळांना सुट्टी, हे बाहेर गेलेले, घरात दोघंच. ते ओसरीत पेपर घेऊन बसले होते. मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मोठे, प्रेमाबाई परवा सांगत होत्या. तुझं मन मोठं आहे. पण चूक जिची तिची असू दे."

त्यांच्याही तोंडी तेच! मला रडू नाही आलं, राग आला. मी म्हटलं, "माझं मन मोठं नाही, तात्या. माझं मन कसं आहे ते ऐका. तुम्ही मासिक तिला वाचून दाखवलंत, मी तिथंच होते. तिची भाकरी फुगली की तुम्ही दुसरी मागून घेता, माझ्या वेळेला पोट भरतं. तिला ताप आला तर तुम्ही दवाखान्यात बसून राहिलात. माझं मूल गेलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मोठी खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. तिला लेक म्हणालात तेव्हा माझ्या हातात पेन होतं. मी बंद केलं. ती या घरातून जावी असं मला वाटत होतं, आणि ती गेली."

मात्रेची गोष्ट सांगताना लाज वाटली नव्हती एवढी हे सांगताना वाटली. केलेलं सांगता येतं गं. का केलं, ते तोंडातून निघत नाही.

तेव्हा त्यांना पटलं. चेहऱ्यावरून कळलं मला. ते पेपरच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं आता ओरडतील, घराबाहेर हो म्हणतील. मी त्याची तयारी ठेवली होती.

ते म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. कुणी मात्रा खाल्ली तर लगेच ओळखायचो. तो कागद माझ्याही हातात आला होता, मोठे. राळ वाचून मला शंका यायला हवी होती. पण अक्षर तुझं होतं. तुझ्या हातून चूक होणार नाही, हे मी धरूनच चाललो. म्हणून ती खोटी ठरली."

कळतंय का तुला? त्या मैदानात तू आणि मी समोरासमोर उभ्या होतो, तू लेक आणि मी नुसती मोठी, आणि त्यांनी विश्वास माझ्यावर ठेवला. एक क्षण विचार न करता. जे माझ्याकडे नाही म्हणून मी जळत होते, ते सगळं माझ्याकडेच होतं. आणि आज मी ते त्यांच्या समोर बसून संपवलं. आता त्यांनी माझ्या अक्षरावर पुन्हा कधी डोळे मिटून भरवसा ठेवायचं कारण नाही.

ते उठून आत गेले. टोपी घालून आले. म्हणाले, "ईटला जायचं. तिच्या दारात जाऊन मला बोलायचंय." मग माझ्याकडे न बघता, "तूही चल."

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं निघतो, भूमला गाडी बदलून. अकराच्या सुमाराला ईटला पोचू. तात्या तुमच्या घरी येतील. त्यांना उन्हात चालवू नकोस, अंबादासभावजींना घ्यायला पाठव. त्यांचं काय ते ते बोलतील.

मी गाडी थांबते तिथंच बसेन. तुझ्या दारात मी आपणहून येणार नाही. तुला लोकांसमोर तोंड वळवावं लागलं होतं, मला आधी तेवढं लोकांसमोर बसू दे. यावं असं वाटलं तर बोलावणं पाठव, कुणाच्याही हाती. नाही पाठवलंस तरी मी काही मनात धरणार नाही. धरलं, तर ते माझं मी बघीन.

परतीची गाडी चारला आहे.

तुझी,
चंद्रप्रभा